हुरड्याची थर्मोडायनॅमिक्स

चौथीत असताना आम्हाला इंग्रजीत निबंध आला होता, ‘हिवाळ्यात मी काय मजा करते’. मी पडले कॉन्व्हेंटची! रीडरमध्ये वाचलं होतं तेच लिहून मोकळी झाले. आम्ही अंगणात बर्फाचा माणूस केला, त्याला गाजराचं नाक लावलं आणि मग फायरप्लेसजवळ बसून हॉट चॉकलेट प्यायलो. दहापैकी आठ मार्क मिळाले. राहायला बुलढाण्यात, आणि बर्फ तोपर्यंत पाहिलेला फक्त फ्रीजमध्ये आणि रसवंतीवर.

खरा हिवाळा मला भेटला तो नांदुऱ्याकडे मामाच्या शेतात. तिथे फायरप्लेस नव्हती, आगटी होती. हॉट चॉकलेट नव्हतं, हुरडा होता. आणि या वर्षी थर्ड इयरला हीट ट्रान्सफर हा विषय आला तेव्हा लक्षात आलं की यातलं निम्मं तर मामाने आधीच शिकवलंय, फक्त फॉर्म्युले लावून नाही. म्हणून हा लेख. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यात बाहेर आणि घरात काय काय करता येतं, आणि ते करताना उष्णता कुठून येते, कुठे जाते, एवढंच यात आहे. मात्र शेवटचा भाग वाचल्याशिवाय पान उलटू नका. तो आमच्या जिवावर बेतला होता.

आधी थंडी कुठे आहे ते बघू

आपला जिल्हा दोन मजली आहे, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा वरच्या मजल्यावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच, खालचा भाग 300 मीटरच्या आसपास. वर जाताना हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे 350 मीटरला सव्वादोन अंशांच्या जवळपास फरक आला. उन्हाळ्यात सगळा विदर्भ भाजत असताना बुलढाणेकर ‘आमच्याकडे गार असतं’ म्हणून जे मिरवतात, ते या सव्वादोन अंशांच्या जिवावर!

मग डिसेंबरच्या पहाटेही घाटावरच जास्त थंडी असायला हवी ना? मी मामेभावाशी तशी पैज लावली आणि हरले. गेल्या वर्षी डिसेंबरात पहाटे पाच वाजता आम्ही स्कूटीवरून राजूर घाट उतरलो. बरोबर साधा थर्मामीटर. वर जेवढा पारा होता त्यापेक्षा तो मोताळ्याच्या पुढे एका नाल्याकाठी आणखी खाली उतरलेला! दात वाजत होते ते वेगळंच.

कारण असं आहे. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात सरळ आकाशात सोडून देते. जमिनीला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगट भागात साचते. खाली गार आणि वर कोमट असा उलटा थर तयार होतो. पुस्तकात याला तापमान व्युत्क्रमण म्हणतात, आम्ही आपलं इन्व्हर्जन म्हणतो. सकाळी शेकोटीचा धूर वर न जाता शिवारावर चादरीसारखा पसरलेला दिसतो, तो याच झाकणाखाली अडकलेला असतो. तेव्हा शेतात रात्र काढायची असेल तर अंथरूण नाल्याकाठी टाकू नका, जरा उंचावर टाका. दोन-तीन मीटर चढलात तरी फरक कळतो.

हुरडा

आता मुख्य विषय. दहावीपर्यंत हुरडा मराठीत कसा लिहायचा हेही मला माहीत नव्हतं, पण खाण्यात मी पहिल्यापासून पुढे!

ज्वारीचा दाणा आधी चिकात असतो. नखाने दाबला की दुधासारखा चीक निघतो. मग तो हुरड्यात येतो, म्हणजे मऊ पण भरलेला. आणि मग पक्का होतो. मधली ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. या दिवसांत दाण्यातली सगळी साखर अजून स्टार्चमध्ये बदललेली नसते, म्हणून हुरडा गोड लागतो. रब्बीची ज्वारी डिसेंबरअखेर ते जानेवारीत या टप्प्यावर येते. गुळभेंडी ही त्यासाठी जुनी नावाजलेली जात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले मधुर’ ही खास हुरड्यासाठीच काढली आहे. अडचण एकच आहे, आपल्याकडे आता ज्वारी शोधावी लागते. जिकडे बघावं तिकडे सोयाबीन आणि कपाशी. मामा कडेला चार तास ज्वारी पेरतो ती फक्त आम्हा भाचरांसाठी, आणि त्यातली निम्मी पाखरं खातात.

कृती अशी. जमिनीत हातभर रुंदीचा खड्डा करायचा, ती आगटी. तिच्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या. मी पहिल्यांदा ज्वाळा उठल्याबरोबर कणीस टाकायला गेले तर मामा ओरडला, “थांब नं वं पोरी! धूर जाऊ दे आधी. आता टाकशीन तं वरून कोळसा अन् आतून कच्चं राह्यते.”

मामाचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धूर गेला, गोवऱ्यांचे निखारे झाले आणि त्यांच्यावर राखेचा थर बसला की कणसं त्या गरम राखेत दाबायची. इथे खरी गंमत आहे. लाल निखारा 700 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याला थेट टेकवलं तर दाणा करपणारच. पण राख पोकळ, तिच्यात हवा भरलेली, त्यामुळे ती उष्णतेची वाईट वाहक. निखाऱ्याची उष्णता ती अडवून अडवून, हळूहळू आणि चारी बाजूंनी कणसाला देते. शिवाय दाण्यात भरपूर पाणी. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत दाण्याचं तापमान 100 अंशांच्या फार वर चढत नाही. म्हणजे दाणा स्वतःच्याच वाफेवर शिजतो. पाणी संपलं की मात्र दोन मिनिटांत काळा. म्हणून मामा कणसं मोजून टाकतो आणि गप्पांच्या नादात एकही विसरत नाही.

मग गरम कणीस गोणपाटावर घेऊन तळहातांनी चोळायचं आणि फोलपटं फुंकरून टाकायची. बोटं भाजतात, त्याला इलाज नाही. सोबत तिळाची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही. हुरडा संपल्यावर उरलेल्या आगीवर हरभऱ्याचे घाटे भाजायचे, त्याला हुळा म्हणतात. हे माझं वैयक्तिक मत आहे, पण हुळा हुरड्यापेक्षा भारी! मामासमोर बोलू नका.

भरताचं गणित उलटं. तिथे पऱ्हाट्यांची (कपाशीची वाळलेली झाडं) किंवा तुराट्यांची चांगली भडकलेली आग लागते, कारण वांग्याची साल जळायलाच हवी. धुराचा जो वास भरताला हवा असतो तो त्यातूनच येतो. फक्त वांग्याला आधी दोन-तीन टोचे मारा. आत वाफ कोंडली की वांगं फुटतं. प्रेशर व्हेसलला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो हे मी आधी वांग्यावर शिकले, वर्गात नंतर. बरोबर कळण्याची भाकरी असेल तर बाकी काही नको.

शेकोटी, तारे आणि बाकी बाहेरचं

शेकोटीजवळ बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गोठते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. गरम हवा तर सरळ वर निघून जाते, आपल्याला मिळते ती मुख्यतः किरणांनी येणारी उष्णता. स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम लावून बघा. निखारा 970 केल्व्हिन धरला आणि आपली त्वचा 305, तर गुणोत्तर झालं 3.2. त्याचा चौथा घात काढला की तेवढ्याच क्षेत्रफळाचा निखारा आपल्यापेक्षा शंभरपट उष्णता फेकतो असं येतं. पण किरण सरळ रेषेत जातात. पाठीला निखारा दिसत नाही, पाठीला दिसतं ते गार आभाळ, आणि आपली उष्णता तिकडे निघून जाते. उपाय सोपा आहे. शेकोटी भिंतीजवळ किंवा कडब्याच्या गंजीच्या आडोशाला करा (गंजीपासून लांब, नाहीतर वर्षभराचा चारा जाईल!) आणि गोधडी छातीला नाही, पाठीला घ्या.

शेकोटी विझत आली की वर बघा. हिवाळ्याचं आकाश म्हणजे फुकटचं प्लॅनेटोरियम. मृग नक्षत्र, त्यातला तीन ताऱ्यांचा बाण, त्या रेषेत खाली लखलखणारा व्याध, उलट बाजूला वर तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहामुळे. चंद्र नसेल तर गावाच्या दिव्यांपासून लांब बसून मध्यरात्रीनंतर तासाभरात भरपूर दिसतात. गेल्या वर्षी मी एकवीस मोजल्या आणि मग झोप लागली.

त्या उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढे तुकडे. त्याच जातीचं, पण मोठं काही पडलं तर काय होतं ते बघायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे आणि बेसॉल्ट खडकात झालेल्या आघाती विवरांत जगप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो पाठवले, पण जायचं ते हिवाळ्यातच. उन्हाळ्यात त्या वाटीत उतरून परत वर चढणं म्हणजे शिक्षा. सकाळी लवकर गेलात तर वर सांगितलेलं इन्व्हर्जन पायांनी कळेल, कारण ती गार हवा साठवणारी भलीमोठी वाटीच आहे. पाणी खारट आणि अल्कधर्मी. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे, ते चुकवू नका.

सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाची मोठी गर्दी असते. गर्दी आवडत असेल तर त्या दिवशी जा, लखुजी जाधवांचा वाडा शांतपणे बघायचा असेल तर दुसऱ्या कुठल्याही दिवशी. ज्ञानगंगा अभयारण्यात फक्त दिवसा आणि वन विभागाच्या परवानगीने. तिथे अस्वलं आणि बिबटे आहेत, आणि 2019 च्या डिसेंबरात तर टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ जवळजवळ 1300 किलोमीटर चालून तिथे आला होता. रात्री मित्रांनी ‘चल, तिकडे शेकोटी करू’ म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. पतंगांबद्दल एकच सांगते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच बंदी घातली आहे. साधा दोरा वापरा, पेच हरलात तरी चालेल.

घरातलं

सबमिशनच्या दिवसांत बाहेर पडणं होत नाही हे मान्य. मग खोलीत किंवा घरी काय करायचं? कॅरम आहेच, त्यावर मी लिहायला नको. संक्रांतीच्या आधी आजीजवळ बसून पाक शिका. गूळ वितळवून उकळत ठेवला की त्यातलं पाणी जसजसं उडतं तसतसा पाकाचा उत्कलनबिंदू वर चढतो. 115 अंशांच्या आसपास थेंब गार पाण्यात टाकला तर त्याची मऊ गोळी होते, तो लाडवाचा पाक. 145-150 च्या पुढे तोच थेंब वाटीत टण्ण वाजतो, तो चिक्कीचा. आजीकडे थर्मामीटर नाही, कान आहे. मी पहिल्या वेळी अभ्यासाचं पुस्तक बघत बसले आणि लाडवांऐवजी तिळाचे छर्रे झाले.

बादलीचंही गणित करून बघा. 15 लिटर पाणी 18 अंशांवरून 42 वर न्यायला साधारण 1500 किलोज्यूल लागतात. 1500 वॅटचा रॉड असेल तर सतरा मिनिटं, गळती धरून वीस. तेव्हा ‘पाच मिनिटांत होतं गं’ म्हणणाऱ्या रूममेटवर विश्वास ठेवू नका. आणि हा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. खोलीतला छोटा सॉकेट असतो सहाचा. मोठ्या सॉकेटलाच लावा, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

पांघरायला आजीची गोधडी. ती वाकळ म्हणते. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांच्यात अडकलेली हवा, ऊब देते ती हवाच. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता नेतं, म्हणून ओलसर गोधडी कितीही जाड असली तरी निरुपयोगी. आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाका.

सिगडी

आता ते. गेल्या जानेवारीत आम्ही तिघी भाड्याच्या खोलीत राहत होतो. शेतावरून हुरडा करून परत येताना मी पिशवीभर कोळसा आणला होता, आणि मालकीणबाईंची एक जुनी सिगडी जिन्याखाली पडलेली होती. रात्री फार गारठा पडला. आम्ही सिगडी गच्चीवर पेटवली, मामाने शिकवल्याप्रमाणे धूर पूर्ण जाऊ दिला, निखाऱ्यांवर छान राख बसू दिली आणि मग ती आत आणली. धूर नाही, ज्वाळा नाही, वास नाही. खिडकी लावली. दाराखालच्या फटीतून वारा येत होता तिथे वर्तमानपत्र कोंबलं. ही आयडिया माझीच.

दोनच्या सुमाराला मला जाग आली ती डोकं ठणकत असल्यामुळे. वाटलं, जागरणाचं असेल. उठायला गेले तर पायांत जोरच नाही. एक रूममेट बसल्या बसल्या उलटी करत होती. तिसरी झोपली होती. आम्ही हाका मारल्या, हलवलं, ती उठेना. दार उघडायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही, कडी समोर दिसत होती आणि हात तिथे जात नव्हता. दोघींनी मिळून तिला चादरीसकट ओढत गच्चीवर नेलं. मालकीणबाई आवाजाने वर आल्या. त्यांनी आधी सिगडी उचलून बाहेर ठेवली आणि मग रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी तिघींना ऑक्सिजन लावला. ती सकाळी बोलायला लागली.

कार्बन मोनॉक्साइड. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत अपूर्ण ज्वलनावर प्रश्न आला होता आणि मला त्यात पूर्ण मार्क होते.

नंतर मी वहीत गणित केलं, ते इथे देते. आमची खोली 10 बाय 10 फूट, उंची 9 फूट, म्हणजे साधारण 25,000 लिटर हवा. हवेत हा वायू 0.1 टक्का झाला तर तास-दोन तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि पुढे जीवही जाऊ शकतो. 0.1 टक्का म्हणजे 25 लिटर. तेवढा वायू तयार व्हायला कार्बन किती लागतो? साडेबारा ग्रॅम! एक छोटा तुकडा अर्धवट जळला तरी पुरे, आणि आमच्या सिगडीत किलोभर होता.

तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. साध्या हवेत अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, त्याला दोन्हींतला फरक कळत नाही आणि तो आरामात अठ्ठ्याण्णव दाखवतो. त्याला ना रंग, ना वास. आणि झोपेत डोकेदुखीही कळत नाही.

मला सगळ्यात जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. ज्या राखेमुळे हुरडा चांगला भाजतो, तीच इथे मारक. राखेखालच्या निखाऱ्याला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून तो मंद जळतो आणि म्हणूनच मोनॉक्साइड सोडतो. शेतात तो वाऱ्यावर निघून जातो. धूर गेला म्हणजे कणीस टाकायची वेळ झाली, एवढाच मामाच्या वाक्याचा अर्थ होता. धूर गेला म्हणजे गॅस गेला, हा अर्थ मी लावला.

मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “आग घरात नेऊ नोको वं पोरी. बाहीर हाये तवरच ते आपली हाये.”

तुमच्या खोलीत, गावाकडे, आजी-आजोबांच्या खोलीत किंवा बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची पद्धत असेल तर आज रात्री घरी फोन करा. ठेवायचीच झाली तर माणसं जागी असताना, दार-खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्याआधी बाहेर. सकाळी एकापेक्षा जास्त जणांचं डोकं एकाच वेळी दुखत असेल तर चहा करत बसू नका, आधी सगळ्यांना बाहेर काढा.

सिगडी आम्ही मालकीणबाईंना परत केली. त्यांनी तिच्यात माती भरून कोथिंबीर लावली आहे. चार तास ज्वारी या वर्षीही पेरली आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ज्यांना यायचं असेल त्यांनी वर्गात मला सांगा. कणसं मामाची, चटणी आजीची, गोधडी ज्याची त्याने आणायची.